डिस्पॅचचं इनव्हॉइस पर्सोनेलमध्ये कसं निघालं?

शुक्रवारी सकाळी साडेआठला भाच्याचा फोन. भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी, त्यामुळे आमच्या भागात शुक्रवार म्हणजे सोमवार. "मामा, गाडी गेटवर उभी आहे, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि इनव्हॉइसची प्रिंट निघत नाहीये. सात वेळा दिली."

सात वेळा! पोटात गोळा आला. मी अशाच एका कारखान्यात ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागात बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा या आकड्याचा अर्थ मला ठाऊक आहे. प्रिंट हरवत नसते. ती कुठेतरी बसलेली असते, आणि वाट मोकळी झाली की सातच्या सात प्रती लग्नाच्या वऱ्हाडासारख्या एकदम दारात उभ्या राहतात.

"क्यूमध्ये काय दिसतंय?" मी विचारलं.

"काहीच नाही. क्यू रिकामी आहे."

हे उत्तर महत्त्वाचं होतं, पण का महत्त्वाचं ते त्याला कळेना. त्याला जे समजावलं तेच इथे लिहितो. पुण्यात पिंपरीपासून चाकणपर्यंत अजून कितीतरी ठिकाणी हे मशिन मुकाट्याने काम करतंय. ज्यांनी ते बसवलं ते निवृत्त झालेत, आणि नव्या मुलांच्या हातात हिरव्या अक्षरांचा काळा पडदा तेवढा आलाय.

मशिन म्हणजे आयबीएमचं एएस-फोरहंड्रेड. २१ जून १९८८ रोजी ते जाहीर झालं. टेबलावरच्या पीसीपेक्षा मोठं आणि बँकांच्या अवाढव्य मेनफ्रेमपेक्षा लहान, म्हणून मिडरेंज. पुढे त्याचं नाव आयसिरीज झालं, मग सिस्टिम आय, आणि २००८ पासून पॉवर जातीच्या सर्व्हरवर चालणारी 'आयबीएम आय' नावाची ऑपरेटिंग सिस्टिम. घरात मुलीचं नाव बदललं तरी माहेरचे जुन्याच नावाने हाक मारतात, तसं आम्ही सगळे अजून एएस-फोरहंड्रेडच म्हणतो. जुनाट म्हणून हसू नका, त्याची ७.५ ही आवृत्ती २०२२ साली आली.

या मशिनवरून छपाई कशी होते हे समजायला जुन्या सरकारी कचेरीतली बारनिशी, म्हणजे टपालाची आवक-जावक, डोळ्यांसमोर आणा. साहेब पत्र लिहितात, पण टपालात टाकायला स्वतः जात नाहीत. पत्र जावक ट्रेमध्ये पडतं. शिपाई ट्रेमधून एकेक पत्र उचलतो आणि पत्त्यावर पोचवतो. साहेबांच्या लेखी काम ट्रेपाशीच संपलं.

एएस-फोरहंड्रेडवर इनव्हॉइसचा प्रोग्रॅम म्हणजे साहेब. त्याने लिहिलेलं पत्र म्हणजे स्पूल फाइल. ट्रे म्हणजे आउटपुट क्यू, बोलताना आउटक्यू. शिपायाला म्हणतात रायटर. नावावरून वाटतं की हा काहीतरी लिहीत असेल. लिहीत काही नाही, नुसता उचलतो आणि नेऊन देतो. शिपाई ज्या दारात जातो ते प्रिंटरचं डिव्हाइस डिस्क्रिप्शन, म्हणजे मशिनमध्ये नोंदलेला प्रिंटरचा पत्ता आणि त्याच्या सवयी.

पडद्यावर 'प्रिंट झाली' असा संदेश आला की माणसाला वाटतं कागद निघाला. तो संदेश फक्त एवढंच सांगतो की पत्र ट्रेमध्ये पडलं. आणि कागद दिसला नाही की माणूस पुन्हा बटण दाबतो, म्हणजे साहेब तेच पत्र पुन्हा लिहितात.

तेव्हा पहिला धडा: बटण दाबू नका, ट्रे बघा. त्यासाठी 'वर्क विथ स्पूल फाइल्स' ही कमांड आहे. इथल्या कमांड लांबलचक दिसतात, पण त्यांना व्याकरण आहे. आधी क्रियापदाचं आखूड रूप, मग वस्तूचं. क्रिएटचं सी-आर-टी, डिव्हाइसचं डी-ई-व्ही, प्रिंटरचं पी-आर-टी. तिन्ही चिकटवलं की प्रिंटर नोंदवायची कमांड तयार. पाठ करायची गरज नाही. कमांड टंकून एफ-४ दाबलं की रकान्यांचा फॉर्म उघडतो, एकेक भरत जायचं.

स्पूल फाइलच्या नावापुढे तिची अवस्था लिहिलेली असते, आणि अर्धं निदान तिथेच होतं. 'आर-डी-वाय' म्हणजे पत्र तयार आहे, शिपाई यायचाय. बहुतेक वेळा रायटर सुरूच नसतो. 'एच-एल-डी' म्हणजे कुणीतरी पत्र अडवून ठेवलंय, ते सोडायला हवं. 'ओ-पी-एन' म्हणजे साहेबांचं अजून लिहून झालेलं नाही, प्रोग्रॅमने फाइल बंद केलेली नाही. 'एस-ए-व्ही' म्हणजे छापून झालं, पण प्रत जपून ठेवली आहे. आणि 'एम-एस-जी-डब्ल्यू' दिसलं तर शिपाई दारात उभा राहून काहीतरी विचारतोय आणि कुणी उत्तर देत नाहीये.

या शेवटच्या अवस्थेने मला अनेकदा रात्री झोपेतून उठवलंय. प्रत्येक स्पूल फाइलवर कुठला कागद हवा त्याचं नाव असतं, त्याला फॉर्म टाइप म्हणतात. आधीची फाइल साध्या स्टँडर्ड कागदावरची होती आणि आता आली प्री-प्रिंटेड इनव्हॉइसची, की रायटर थांबतो आणि विचारतो: अमुक कागद लावला का? डॉट मॅट्रिक्सच्या काळात हा प्रश्न शहाणपणाचा होता, कारण छापील स्टेशनरीवर चुकून स्टॉक रिपोर्ट निघाला तर बंडल वाया जायचं. आज लेझर प्रिंटरमध्ये एकच कोरा ए-फोर असतो, तरी तो विचारतच राहतो. आणि विचारतो कुठे? सिस्टिम ऑपरेटरच्या मेसेज क्यूमध्ये, जिकडे रात्रपाळीला कुणी फिरकत नाही. उत्तर असतं एकच अक्षर, 'जी', म्हणजे 'गो', चल पुढे. कायमचा उपाय म्हणजे रायटर सुरू करतानाच त्याला सांगायचं की सगळे फॉर्म घे आणि विचारत बसू नकोस. एक रकाना बदलला की काम होतं, पण हे कळेपर्यंत लोक वर्षानुवर्षं 'जी' दाबत राहतात.

आता भाच्याच्या रिकाम्या क्यूकडे येऊ. ट्रे रिकामा, साहेबांनी सात वेळा लिहिलंय, आणि जपून ठेवलेली प्रतही नाही. याचा अर्थ सरळ आहे. शिपायाने सातही पत्रं नेऊन दिली, घेणाऱ्याने घेतली, आणि मशिनच्या वहीत काम पूर्ण. अडकलेलं काहीच नव्हतं. पत्रं पोचली होती, पण कुणाच्या दारात?

हे समजायला तार बघायला हवी. पूर्वी एएस-फोरहंड्रेडचे प्रिंटर ट्विनॅक्स नावाच्या जाड केबलवर असायचे. मशिनच्या एका पोर्टवर सात उपकरणं, प्रत्येकाला शून्य ते सहा यांतला एक आकडा. हा आकडा प्रिंटरवरच लावलेला असायचा, तो आपोआप बदलायचा प्रश्नच नव्हता. नंतर प्रिंटर ऑफिसच्या साध्या नेटवर्कवर आले आणि त्यांना आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा घर नंबर मिळाला. हा पत्ता दोन प्रकारे मिळतो. एक तर आपण प्रिंटरवर कायमचा लिहायचा, किंवा राउटरने तो दर वेळी वाटायचा. राउटरचं वाटप म्हणजे सिनेमाच्या पार्किंगची बिल्लं. आज २१ नंबर तुमचा, उद्या दुसऱ्याचा.

प्रिंटर बसवणाऱ्या माणसाने घाईत वाटपाचीच पद्धत ठेवून दिली होती. गुरुवारी कारखाना बंद, सगळं स्विच ऑफ. शुक्रवारी सकाळी आधी पर्सोनेलचा, म्हणजे कर्मचारी विभागाचा प्रिंटर जागा झाला आणि डिस्पॅचचा जुना पत्ता घेऊन बसला. एएस-फोरहंड्रेड प्रिंटर ओळखत नाही, पत्ता ओळखतं. त्यात दोन्ही प्रिंटर एकाच कंपनीचे, एकच भाषा बोलणारे. शिपायाने बिनदिक्कत पत्रं टाकली. मी भाच्याला म्हटलं, "पर्सोनेलमध्ये जाऊन बघ." दोन मिनिटांनी त्याचा आवाज बदललेला होता.

म्हणून नेटवर्क प्रिंटर जोडताना पहिलं काम मशिनवर करायचंच नाही. आधी प्रिंटरला कायमचा पत्ता द्या, किंवा राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे कारखान्यातूनच मिळालेल्या ओळख क्रमांकावर, तो राखून ठेवा. मग तो पत्ता चिकटपट्टीवर लिहून प्रिंटरच्या कपाळावर लावा. त्यानंतर एएस-फोरहंड्रेडवरून त्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारून बघा. पीसीवरून पिंग लागतं म्हणून मशिनवरून लागेलच असं नाही, मध्ये वेगळं नेटवर्क किंवा फायरवॉल असू शकते. पिंग लागल्यावर प्रिंटरची केबल काढून पुन्हा पिंग करा. तरीही उत्तर आलं तर त्या पत्त्यावर दुसरंच कुणीतरी बसलंय.

यानंतर नोंदणी. याचे दोन रस्ते आहेत, आणि कुठला घ्यायचा यावर आमच्या पिढीत बरेच वाद झालेत.

पहिला रस्ता रिमोट आउटक्यूचा. यात डिव्हाइस डिस्क्रिप्शन नसतंच. ट्रेवरच पत्ता लिहून ठेवायचा की इथे आलेलं सगळं अमुक आयपीवर पाठवा. पाठवण्याची पद्धत जुनी, युनिक्सकडून आलेली, एलपीआर नावाची. प्रिंटरच्या ५१५ नंबरच्या पोर्टवर ती दार ठोठावते. पाच मिनिटांत जमतं. खोच एकच आहे. पलीकडच्या क्यूचं नाव विचारतात, आणि ते प्रिंटरच्या कंपनीवर अवलंबून असतं. लहान लिपीतलं नाव अवतरणचिन्हांत लिहिलं नाही तर मशिन ते कॅपिटल करून टाकतं, आणि काही प्रिंटर मग ओळखच देत नाहीत. मॅन्युअलमध्ये बघून जसंच्या तसं लिहा.

पण हा शिपाई पत्र दाराच्या फटीतून सरकवून निघून येतो. आत कुणी आहे का, कागद संपलाय का, तिसरं पान फाटलं का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चाळीस पानी रिपोर्टमधली बारा ते पंधरा एवढीच पानं हवीत म्हटलं तर तेही जमत नाही, जातं ते अख्खं.

दुसरा रस्ता लॅन प्रिंटरच्या डिव्हाइस डिस्क्रिप्शनचा, आणि डिस्पॅचसारख्या ठिकाणी मी हाच सांगेन. फॉर्ममध्ये डिव्हाइस क्लासला 'लॅन', टाइप ३८१२, मॉडेल १. प्रिंटर कुठल्याही कंपनीचा असला तरी हेच आकडे. ३८१२ हा आयबीएमचाच एक जुना प्रिंटर, त्याचं नाव वहिवाट म्हणून राहिलंय. जोडणी आयपीची, पोर्ट बहुतेक प्रिंटरला ९१००, रिमोट लोकेशनमध्ये आयपी पत्ता. शेवटी सिस्टिम ड्रायव्हर प्रोग्रॅम, म्हणजे शिपायाने दारात काय बोलायचं. एक ड्रायव्हर पीजेएल या प्रिंटरला हुकूम द्यायच्या भाषेत बोलतो, दुसरा एसएनएमपीमध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांची खुशाली विचारायच्या भाषेत. हा शिपाई दारात थांबतो, पान निघालं का विचारतो आणि पावती घेऊन परततो. कागद संपला तर मशिनला कळतं, आणि मधलीच पानं हवी असतील तर तीही देतो. एसएनएमपीवाला मात्र 'पब्लिक' या परवलीच्या शब्दावर अवलंबून असतो. सुरक्षेच्या उत्साहात कुणी प्रिंटरवर तो शब्द बदलला की शिपाई दारात ताटकळतो, आणि कारण कुणालाच सुचत नाही.

फॉर्म भरल्यावर डिव्हाइस चालू अवस्थेत आणायचं, ज्याला व्हॅरी ऑन म्हणतात, आणि रायटर सुरू करायचा. ट्रे वेगळा बनवावा लागत नाही, प्रिंटरच्याच नावाचा आपोआप तयार होतो. एक रकाना मात्र विसरू नका: इनॅक्टिव्हिटी टायमर. ९१०० च्या दारात बहुतेक प्रिंटर एका वेळी एकालाच उभं करतात. आपला शिपाई काम झाल्यावरही दार अडवून उभा राहिला तर पीसीवाल्यांच्या प्रिंट रांगेत थांबतात आणि बोल एएस-फोरहंड्रेडला लागतो. पंधरा सेकंद ठेवा.

आता सगळ्यात गोंधळाचा भाग, दुभाष्याचा. पत्ता बरोबर, पिंग लागतंय, आणि प्रिंटरमधून अगम्य चिन्हांनी भरलेली पानंच्या पानं बाहेर पडताहेत. हा अनुभव प्रत्येकाला एकदा तरी येतो.

कारण असं की एएस-फोरहंड्रेड अक्षरं वेगळ्या आकड्यांत साठवतं. आपल्या पीसीवर आणि प्रिंटरमध्ये इंग्रजी कॅपिटल ए म्हणजे हेक्स (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) ४१, ती अॅस्की पद्धत. आयबीएमची मोठी मशिनं एबसिडिक वापरतात, तिथे तेच अक्षर सी-१. ही पद्धत १९६४ च्या सिस्टिम-३६० पासून चालत आलीय. शिवाय ओळ बदल, पान टाक, अक्षर बारीक कर या सूचनाही आयबीएमच्या स्वतःच्या भाषेत, एससीएसमध्ये असतात. लेझर प्रिंटरला यातलं ओ की ठो कळत नाही. त्याला एचपीने रूढ केलेली पीसीएल कळते.

मध्ये भाषांतर करतो तो होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्म. हा मशिनमध्येच असतो, वेगळा विकत घ्यायचा नाही. फॉर्ममध्ये ट्रान्सफॉर्मला 'येस' म्हणायचं आणि प्रिंटरची जात सांगायची. नेमकं मॉडेल यादीत सापडलं नाही तर 'स्टार एचपी-फोर' (*HP4) लिहा, पीसीएल-५ समजणारे बहुतेक लेझर त्याला जुळतात. नेटवर्क बॉक्सवर लावलेला डॉट मॅट्रिक्स असेल तर एप्सन जातीतलं काहीतरी निवडा, आणि प्रिंटरही एप्सन मोडमध्ये आहे ना ते बघा.

इथे खरेदी विभागाला हात जोडून एक विनंती. दुकानात स्वस्तात मिळणारे बरेचसे छोटे प्रिंटर मुळात भाषाच जाणत नाहीत. पानाचं चित्र विंडोजचा ड्रायव्हर पीसीवर काढतो आणि प्रिंटर ठिपके तेवढे मारतो. असा प्रिंटर नेटवर्कवर दिसतो, पिंगला उत्तर देतो, आणि एएस-फोरहंड्रेडला काही उपयोगाचा नसतो. माहितीपत्रकात पीसीएल-५ लिहिलंय का, एवढं वाचूनच पैसे द्या. चुकून घेतलाच असेल तर एका पीसीवर एएस-फोरहंड्रेडचं प्रिंटर सेशन, म्हणजे पीसीलाच प्रिंटर भासवणारी खिडकी, उघडून विंडोजमार्फत छपाई करता येते. पण मग तो पीसी कुणी बंद केला की छपाई बंद, आणि पीसी बंद करणारी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात.

अक्षरं नीट आली की कागदाच्या मापाची भांडणं सुरू होतात. एएस-फोरहंड्रेडचं ठरलेलं पान १३२ अक्षरं रुंद आणि ६६ ओळी लांब. इंचाला दहा अक्षरं धरली तर १३.२ इंच रुंदी, आणि इंचाला सहा ओळी धरल्या तर अकरा इंच लांबी. हा अमेरिकन हिशोब. आपल्याकडची कंटिन्युअस स्टेशनरी बारा इंच लांब, म्हणजे ७२ ओळींची. डॉट मॅट्रिक्सवर पान-लांबी बदलली नाही की प्रत्येक पानाला एक इंच वर सरकत मजकूर फाडायच्या रेघेवर येतो. लेझरवर वेगळीच तऱ्हा. आडवा ए-फोर ११.६९ इंच रुंद, त्यात १३.२ इंच मावणार कसे? त्यासाठी पेज रोटेशनमध्ये 'सी-ओ-आर' हा पर्याय आहे, तो पान आडवं करून अक्षरं बारीक करतो. आणि प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर 'लोड लेटर' आलं तर घाबरू नका. कुठलंही पत्र मागत नाहीये तो, अमेरिकन लेटर मापाचा कागद मागतोय. डिव्हाइसच्या फॉर्ममध्ये पेपर सोर्सला ए-फोर लिहिलं की गप्प बसतो.

देवनागरीचं विचाराल तर या दुभाष्याकडून अपेक्षा ठेवू नका. तो प्रिंटरच्या पोटातले फॉन्ट वापरतो आणि त्यांत सहसा आपली लिपी नसते. गेटपासवर मराठी हवं असेल तर प्रोग्रॅममधून पीडीएफ किंवा चित्र तयार करून पाठवणं हाच व्यवहार्य मार्ग.

राहिल्या प्रती. डॉट मॅट्रिक्सवर कार्बन लावला की एका फटक्यात तीन कागद व्हायचे. लेझरला कार्बन कळत नाही, आणि माल पाठवताना, ई-इनव्हॉइस नसेल तर, जीएसटीच्या नियमाने इनव्हॉइस तीन प्रतींत लागतं: ग्राहकाला, वाहतूकदाराला आणि आपल्याला. त्यामुळे प्रिंटर फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या छपाईच्या सूचना जिथे असतात तिथे, कॉपीज तीन कराव्या लागतात. त्याच ठिकाणी सेव्हला 'येस' म्हणून ठेवा, म्हणजे छापून झाल्यावरही पत्र ट्रेमध्ये राहतं. पुन्हा हवं असेल तर तेच सोडायचं, प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा नाही. महिन्याकाठी जुनी साफ करायची तेवढी आठवण ठेवा.

भाच्याच्या कारखान्यात कॉपीज तीन होत्या, सेव्ह नव्हतं. सात गुणिले तीन, एकवीस कागद पर्सोनेलच्या ट्रेमध्ये व्यवस्थित रचून ठेवलेले सापडले, वर पेपरवेटसुद्धा. तीन घेऊन गाडी सव्वानऊला गेटबाहेर पडली. उरलेल्या अठरांवर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहायला अकाउंट्सने त्यालाच बसवलं.